दहा गोळ्यांचा आकडा आला कुठून?

टेक्सासमधलं बिऱ्हाड न्यू जर्सीला हलवताना सामानात रायफलचं ३० गोळ्यांचं मॅगझिन (बंदुकीला जोडायची गोळ्यांची पेटी) राहिलं, तर जुन्या घरी ज्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं, तीच वस्तू नव्या घरी गुन्हा ठरते. आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण भारतात १९५९ चा शस्त्र कायदा केंद्राचा आहे आणि तो सगळ्या राज्यांना सारखाच लागू. अमेरिकेतही नव्या मॅगझिनमध्ये जास्तीत जास्त १० गोळ्या, असा एक देशव्यापी नियम दहा वर्षं होता.

त्याआधीची ठिणगी कॅलिफोर्नियातली. जानेवारी १९८९ मध्ये स्टॉक्टनच्या शाळेच्या मैदानावर एका माणसाने गोळीबार केला. पाच मुलं गेली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने ठरावीक रायफलींवर बंदी घातली. १९९० मध्ये न्यू जर्सीने मॅगझिनवर १५ गोळ्यांची मर्यादा आणली. सप्टेंबर १९९४ मध्ये क्लिंटन यांनी केंद्रीय कायद्यावर सही केली आणि देशभर १० चा आकडा आला. पण कायद्याआधी बनलेली मॅगझिनं वैध राहिली. साहजिकच जुन्या मालाचे भाव चढले. शिवाय कायद्याला दहा वर्षांची मुदत होती. २००४ मध्ये ती संपली, संसदेने वाढवली नाही, आणि ज्या राज्यांचे स्वतःचे नियम होते तेवढीच बंधनं उरली.

पुढे प्रत्येक राज्याने आपापल्या जखमेनंतर आपापला आकडा ठरवला. २०१२ मध्ये कोलोरॅडोतल्या ऑरोरा शहरात चित्रपटगृहात गोळीबार झाला. हल्लेखोराकडे १०० गोळ्यांचं मॅगझिन होतं. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोने १५ ची मर्यादा घातली. त्या कायद्याच्या रागात मतदारांनी राज्याच्या विधिमंडळातल्या दोन सिनेटरना मुदतीआधीच घरी बसवलं आणि मॅगझिनं बनवणाऱ्या मॅगपुल कंपनीने राज्य सोडलं. सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर कनेटिकटने १० ठरवले. न्यू जर्सी २०१८ मध्ये १५ वरून १० वर उतरली. डेलावेअरचा आकडा १७. व्हरमाँट आणि इलिनॉयमध्ये तर लांब बंदुकीला १० आणि पिस्तुलाला १५.

माझ्या मते राज्य बदलणाऱ्याची खरी फसगत आकड्यापेक्षा क्रियापदात होते. मेरीलँडमध्ये दहापेक्षा मोठं मॅगझिन विकायला, विकत घ्यायला बंदी आहे, जवळ बाळगायला नाही. वॉशिंग्टन राज्यात २०२२ पासून ते बाहेरून आणणंच निषिद्ध. तिथल्या जुन्या रहिवाशाचं मॅगझिन वैध, पण तसंच घेऊन नव्याने येणारा माणूस गुन्हेगार! न्यू जर्सीत बाळगणंही चालत नाही.

कॅलिफोर्नियात न्यायालयांनी गोंधळ आणखी वाढवला. २०१६ च्या जनमताने बाळगण्यावरही बंदी आली. ती लागू होण्याआधीच न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी रोखली. मार्च २०१९ मध्ये त्यांनी खरेदी-विक्रीवरची बंदीही रद्द ठरवली आणि स्थगिती येईपर्यंतच्या आठवडाभरात लोकांनी भरभरून खरेदी केली. बंदूकप्रेमी त्याला अजून ‘फ्रीडम वीक’ म्हणतात. मार्च २०२५ मध्ये वरच्या न्यायालयाने कायदा वैध धरला.

१९८६ च्या केंद्रीय कायद्यात प्रवाशाला थोडं संरक्षण आहे: रिकामी बंदूक हाताशी येणार नाही अशी ठेवून मधलं राज्य ओलांडता येतं. त्यासाठी ती निघतो तिथे आणि पोचतो तिथे, दोन्हीकडे वैध असावी लागते. त्या कलमात बंदूक आणि गोळ्यांचा उल्लेख आहे, मॅगझिनचा नाही.