‘अनडिफाइंड’ म्हणजे नेमकं काय? ब्राउझरागणिक बदलणाऱ्या एररची पार्श्वभूमी

“बटान दाबतंय, पन कायच होना नाय.” होमस्टेचं बुकिंग किंवा हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी घेणारी वेबसाइट जो कुणी सांभाळतो, त्याला एप्रिल-मेमध्ये हा फोन ठरलेला. मागे बहुतेक वेळा जावास्क्रिप्टचा, म्हणजे पानावरची बटणं चालवणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेचा, एरर असतो. पण स्क्रीनशॉट मागवले, तर मालवणच्या मालकाकडून एक वाक्य येतं आणि मुंबईच्या गिऱ्हाइकाकडून भलतंच. चूक मात्र एकच असते.

ही भाषा १९९५ सालची, नेटस्केप ब्राउझरची. पुढच्याच वर्षी इंटरनेट एक्सप्लोरर या स्पर्धक ब्राउझरने तिची आपली आवृत्ती वेगळ्या नावाने आणली आणि १९९७ मध्ये पहिलं मानक, म्हणजे सगळ्यांसाठी एकच नियमावली, निघालं. एरर पकडायची सोय (ट्राय-कॅच) आणि टाइपएरर, रेफरन्सएरर हे एररचे प्रकार, हे सगळं मानकात आलं ते डिसेंबर १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत.

घोळाचं मूळ तिथेच आहे. कुठल्या चुकीला कुठल्या प्रकारचा एरर द्यायचा, हे मानकाने बांधून दिलं. एररच्या संदेशात शब्द कोणते असावेत, ते ज्याच्या त्याच्यावर सोडलं. या मोकळीकीची बाजू घेणारे म्हणतात, त्यामुळे संदेश सुधारत नेता येतात, दुसऱ्या भाषेत देता येतात. मुद्दा खोटा नाही. पण त्याची किंमत ब्राउझर बनवणाऱ्यांनी मोजली नाही, ती मोजली वेबसाइट सांभाळणाऱ्यांनी.

मालवणात ज्याला सुंगटं म्हणतात, त्याला अलिबागकडे कोळंबी म्हणतात. त्यामुळे खाणाऱ्याचं काही अडत नाही. इथे उलटं झालं: नाव एक आणि दुखणी दोन. ‘दर’ नावाचं व्हेरिएबल (मूल्य ठेवायची नाव दिलेली जागा) कुठेही जाहीर न करता वापरलं, तर जुना इंटरनेट एक्सप्लोरर म्हणायचा, ‘दर इज अनडिफाइंड’. फायरफॉक्स हेच वाक्य बोलायचा, पण ‘दर’ जाहीर झालेला असून त्यात मूल्यच नसेल आणि आपण त्याच्या आतलं काही मागत असू, तेव्हा. नावच नसेल तर फायरफॉक्स म्हणतो, ‘नॉट डिफाइंड’. सफारी त्यालाच म्हणते, ‘कान्ट फाइंड व्हेरिएबल’. म्हणजे कुणी फोनवर “अनडिफाइंड लिहिलंय” एवढंच वाचून दाखवलं, तर फाइल लोड झाली नाही की सर्व्हरकडून दरच आला नाही, हे कळायला मार्ग नव्हता. पहिल्या दुखण्यावर स्क्रिप्टचा, म्हणजे कोडच्या फाइलचा, पत्ता तपासायचा, दुसऱ्यावर डेटा. अख्खी दुपार चुकीच्या टोकाला जायची.

तो काळ सायबर कॅफेचा. २००१ साली आलेला इंटरनेट एक्सप्लोरर ६ कुडाळ-कणकवलीच्या कॅफेंत पुढे कितीतरी वर्षं ठाण मांडून होता. एरर आला की खाली डाव्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण. त्यावर डबल-क्लिक केलं की ओळीचा आकडा मिळे, पण पत्ता पानाचा. चूक बाहेरच्या स्क्रिप्ट फाइलमध्ये असली तरी. त्याच घराण्यातल्या आवृत्ती ८ आणि ९ ची तऱ्हा आणखी वेगळी: डेव्हलपर टूल्स, म्हणजे ब्राउझरमधली तपासणीची अवजारं, उघडल्याशिवाय ‘कन्सोल’ ही कोडच्या नोंदी दाखवणारी सोय अस्तित्वातच नसे. कोडमध्ये विसरलेली एक कन्सोल-लॉगची ओळ गिऱ्हाइकाकडे पान पाडायची, आणि आम्ही तपासायला टूल्स उघडली की सगळं सुरळीत.

‘स्क्रिप्ट एरर’ या दोनच शब्दांच्या संदेशामागे मात्र कारण आहे. स्क्रिप्ट दुसऱ्या डोमेनवरून, म्हणजे दुसऱ्या साइटच्या पत्त्यावरून, आली असेल, तर पानाने लावलेल्या एरर-नोंदीला ब्राउझर तपशील देत नाही, नाहीतर एररच्या आडून दुसऱ्या साइटवरची माहिती वाचता आली असती. पानात स्क्रिप्ट जोडणाऱ्या टॅगवर ‘क्रॉसओरिजिन’ ही खूण आणि त्या सर्व्हरची परवानगी, दोन्ही असतील तरच खरा मजकूर दिसतो.

पुढे इंजिनं, म्हणजे ब्राउझरच्या आत पान आणि कोड चालवणारे गाभे, कमी होत गेली. ऑपेराने २०१३ मध्ये आपलं इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरने २०२० मध्ये, आणि १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा बहुतेक विंडोजवरचा आधार संपला. शब्द तरीही जुळले नाहीत. रिकाम्या मूल्यातून काही वाचायला गेलं की क्रोम म्हणतो, ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइंड’, आणि सफारी, ‘अनडिफाइंड इज नॉट ॲन ऑब्जेक्ट’. क्रोमचं वाक्यही २०२१ पर्यंत थोडं वेगळं होतं. ते बदललं तेव्हा जुन्या शब्दांवर एरर चाळणाऱ्यांच्या गाळण्या गुपचूप रिकाम्या पडल्या.

आयफोनवर तर ‘क्रोम’ लिहिलेलं असलं तरी आपल्याकडे आत इंजिन सफारीचंच असतं. म्हणून आंब्याच्या सीझनमध्ये फोन आला की आता पहिला प्रश्न “ब्राउझर कोणता?” असा नसतो. “फोन कोणता, काका?”