रडलं म्हणजे विश्वास कमी? असं बायबलमध्ये कुठेच नाही

"खरा ख्रिस्ती उदास होत नाही, रडलास म्हणजे विश्वास कमी पडला" हे अजून सर्रास सांगतात, अगदी मयताच्या घरी पण, आणि ऐकून खरंच फार वाईट वाटतं. आधार देतात बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्र ४:४ चा, 'सर्वदा आनंद करा'. पण येशूचा प्रेषित पौल याने ते कैदेत असताना लिहिलं, आणि त्याच पत्रात २:२७ वाचा ना, त्याचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारात होता, देवाने वाचवलं नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं असं तो सरळ म्हणतो. म्हणजे आनंद करा सांगणारा माणूसच दुःख लपवत नाहीये!

स्तोत्रसंहिता तर बायबलमधलं स्तुतीचंच पुस्तक, तरी स्तोत्र १३ 'किती काळ' विचारत सुरू होतं आणि गाण्यावर संपतं, आणि ८८ वं शेवटपर्यंत अंधारातच राहतं, तेही उपासनेत म्हटलं जातं. मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला.

इथे आनंद म्हणजे देव सोडणार नाही हा भरवसा, तो डोळ्यात पाणी असतानाही असू शकतो. मयताच्या घरी वचन सांगायचंच असेल तर रोमकरांस १२:१५ सांगा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा.