आखूड १९११ : सुट्या भागांतून जुळवलेले पिस्तूल

अमेरिकन लष्कराच्या एम१९११ पिस्तुलाची नळी, स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा पोलादी भाग) किंवा मूठ आखूड करून आणि बहुतेकदा निरनिराळ्या कारखान्यांचे भाग एकत्र बसवून तयार झालेली, कपड्यांखाली बाळगण्याजोगी रूपे. काही कारखान्यांतच बनली, काही लष्करी शस्त्रागारांत, तर पुष्कळशी एकेकट्या कारागिरांच्या टेबलावर.

मूळ पिस्तूल जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) यांचे. लष्कराने ते २९ मार्च १९११ रोजी स्वीकारले. नळी ५ इंच (१२७ मिमी), रिकाम्या पिस्तुलाचे वजन सुमारे १.१ किलो, मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, म्हणजे मॅगझिनमध्ये, .४५ एसीपी या प्रकारची ७ काडतुसे. मुठीच्या पट्ट्यांचे सोडले तर त्यात स्क्रू जवळजवळ नाहीतच. खुंट्या, कड्या आणि स्प्रिंगा एकमेकींना अडवून जागेवर राहतात, आणि एक भाग काढायला दुसऱ्या भागाचेच टोक हत्यार म्हणून चालते. सैनिकाने चिखलात बसून ते पूर्ण खोलावे आणि पुन्हा जोडावे, इतका विचार त्यामागे आहे. ब्राउनिंग यांची थोरवी मला इथे सर्वांत जास्त दिसते.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे भागांची अदलाबदल. कोणताही भाग कोणत्याही पिस्तुलात बसावा, हा ध्यास अमेरिकेच्या सरकारी शस्त्रशाळांनी एकोणिसाव्या शतकापासून घेतला होता. दुसऱ्या महायुद्धात त्याची खरी कसोटी लागली. १९११ए१ ही सुधारित आवृत्ती कोल्ट या शस्त्र कंपनीबरोबर इथाका या बंदुकांच्या कंपनीने बनवली, रेल्वेचे सिग्नल तयार करणाऱ्या युनियन स्विच अँड सिग्नलने बनवली आणि टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडनेही बनवली. आपल्याकडे देवनागरी टंकलेखनाच्या कळफलकामुळे रेमिंग्टन हे नाव घरोघरी माहीत झाले. घरोघरच्या शिलाई मशीनची सिंगर कंपनीही यात होती. तिने फक्त ५०० पिस्तुले केली आणि आज संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. कारखाने वेगळे, कामगार वेगळे, पण नकाशा एकच आणि मापे तपासण्याचे गेजही त्याच नकाशाबरहुकूम.

युद्धानंतर वापरून झिजलेली पिस्तुले शस्त्रागारांत आली की पूर्ण खोलली जात. चांगले भाग राशीत पडत आणि हाताला येतील तसे पुन्हा जोडले जात. रेमिंग्टन रँडची स्लाइड, कोल्टची फ्रेम (मुठीसह खालचा सांगाडा), नळी तिसऱ्याच कोणाची. संग्राहकांच्या बोलीत याला ‘मिक्समास्टर’ म्हणतात. असे पिस्तूल जवळून पाहिले तर फ्रेमवरचा गंज रोखणारा फॉस्फेटचा लेप हिरवट राखी आणि स्लाइडवरचा काळपट असू शकतो. हलवले तर ते खुळखुळते. हा खुळखुळाट म्हणजे निकृष्ट काम नव्हे. भागांमध्ये मुद्दाम सोडलेल्या त्या सैल जागेमुळेच परक्याचा भाग बसतो आणि वाळू, माती शिरूनही पिस्तूल चालत राहते.

आखूड रूपांची वाट कोल्टच्या कमांडरने मोकळी केली. लष्कराला हलके पिस्तूल हवे होते, म्हणून १९५० च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या फ्रेमचे आणि ४.२५ इंच नळीचे हे रूप आले. १९७० च्या दशकात रॉक आयलंड शस्त्रागाराने साठ्यातली १९११ए१ पिस्तुले आखूड करून जनरल हुद्द्याच्या अधिकाऱ्यांसाठी एम१५ तयार केले. त्याच दशकात सिॲटलच्या डेटॉनिक्सने ३.५ इंची पिस्तूल काढले. १९८५ मध्ये कोल्टचे ऑफिसर्स एसीपी आले आणि १९९८ मध्ये ३ इंची डिफेंडर.

मात्र नळी आणि स्लाइड आखूड झाली की अदलाबदलीचा हिशोब बिघडतो. गोळी सुटल्यावर नळी व स्लाइड एकमेकींत अडकून थोडी मागे सरकतात. मग नळीखालची छोटी कडी नळीचे मागचे टोक खाली ओढते, नळी स्लाइडमधून सुटते आणि स्लाइड एकटी मागे जाते. लांब नळीला यासाठी थोडेसे कलले तरी पुरते. आखूड नळीला तेवढेच खाली उतरायला जास्त कोनात कलावे लागते. म्हणून नळीच्या तोंडाशी तिला धरून ठेवणाऱ्या वेगळ्या कड्याऐवजी (बुशऐवजी) अशा पिस्तुलांत नळीचे टोकच शंकूसारखे फुगीर करतात. हलकी स्लाइड झपाट्याने मागे येते आणि तिचा प्रवासही तोकडा असतो. तेवढ्या क्षणात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचे काडतूस वर आणायचे असते. मागे येणारी स्लाइड थोपवणाऱ्या स्प्रिंगलाही जागा कमी, म्हणून एकात एक अशा दोन स्प्रिंगा घालतात. पाच इंची पिस्तुलात खपून जाणारी चूक इथे काडतूस अडकवते. त्यामुळे भाग नुसते विकत आणून जोडले की झाले, हा समज आखूड १९११ च्या बाबतीत सर्वांत महाग पडतो. शेवटचे काम कानस आणि अनुभवी हातच करतो.

जुळणीचा सर्वांत शहाणा नमुना मला कमांडरची स्लाइड आणि ऑफिसर्सची तोकडी फ्रेम या जोडीत दिसतो. कोल्टने पुढे सीसीओ नावाने हीच जोडी विकली. सदऱ्याखालून पिस्तूल उठून दिसते ते मुठीमुळे, नळी तर कमरेशी पँटच्या आत दडते. मग मूठ तोकडी करावी आणि नळीला मात्र सुखाने चालण्याइतकी लांबी ठेवावी. बदल्यात मॅगझिनमधले एक काडतूस कमी होते.

जुळणीचे काम पूर्ण आकाराच्या पिस्तुलात कुठवर गेले, ते अमेरिकन मरीन कोअरने दाखवले. १९८० च्या दशकात मरीन कोअरच्या क्वांटिको तळावरच्या शस्त्रकारागिरांनी जुन्या १९११ए१ फ्रेम निवडून त्यांवर बाजारातले नवे भाग एकेक करून बसवले. २०१२ मध्ये कोल्टच्या एम४५ए१ची निवड होईपर्यंत हाताने बांधलेली ही पिस्तुले वापरात होती.

अमेरिकेच्या संघीय कायद्यात पिस्तूल म्हणजे मुख्यतः त्याची फ्रेम. कारखान्यातून निघणाऱ्या फ्रेमवर अनुक्रमांक लागतो, नळी आणि स्लाइड सुट्या विकत मिळतात. अशा जुळणीचा छंद तिथे फोफावला तो यामुळे. कॅलिफोर्निया, न्यू जर्सीसारख्या राज्यांचे नियम जास्त कडक आहेत. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येप्रमाणे शस्त्राचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही ‘शस्त्र’ या शब्दातच मोडतात. परवान्याशिवाय शस्त्र बनवणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.