छातीवर नाव कोणाचं?

जुलै लागला की वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात गोविंदा पथकांच्या टी-शर्टच्या ऑर्डरी सुरू होतात. मजकूर दरवर्षी जवळपास तोच. छातीवर साहेबांचा फोटो आणि शुभेच्छा, पाठीवर बिल्डर नाहीतर ज्वेलर्स. पथकाचं नाव डाव्या बाहीवर, बसेल तेवढं. थर लावणारी पोरं पथकाची, घाम त्यांचा, हात-पाय मोडले तर तेही त्यांचेच. पण दिवसभर ठाण्यात मिरवतं ते दुसऱ्याचं नाव. टी-शर्ट फुकट मिळालेला असतो, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नाही.

विजेत्या संघांकडून उद्योजकांनी मार्केटिंग शिकावं, हा विषय हल्ली व्याख्यानांत फार चालतो. वक्ते धोनीचा शांतपणा आणि टीमवर्क सांगून मोकळे होतात. मी छपाईवाला असल्यामुळे असेल, पण मला सगळी गोष्ट टी-शर्टच्या छातीवर दिसते. तिथे कोणाचं नाव यावं, ही ओढाताण शंभर वर्षांहून जुनी आहे.

१९१९ साली अमेरिकेतल्या ग्रीन बे या लहानशा शहरात कर्ली लॅम्बो नावाच्या तरुणाने फुटबॉलचा संघ काढायला घेतला (त्यांचा फुटबॉल, जो बराचसा हातानेच खेळतात). कपड्यांना पैसे नव्हते म्हणून तो आपल्या मालकाकडे गेला. मालक म्हणजे मांस डब्यात भरणारी इंडियन पॅकिंग कंपनी. कंपनीने ५०० डॉलर दिले, पण संघाला आमचं नाव द्या म्हणाली. तेच हे ‘पॅकर्स’. थोड्याच काळात ती कंपनी दुसरीने गिळली, पुढे ती दुसरीही गेली. संघ उरला. १९२३ मध्ये त्याच्याही गळ्याशी आलं, तेव्हा त्याने गावकऱ्यांनाच शेअर विकले. त्यावर लाभांश नाही, नफा नाही, ‘हा संघ आमचा’ म्हणायचा कागद तेवढा हातात. आज त्या शहराची वस्ती लाखाच्या आसपास आहे, संघाच्या नावावर १३ अजिंक्यपदं आहेत आणि हंगामी तिकिटांची प्रतीक्षा यादी वस्तीपेक्षा लांब आहे. ५०० डॉलर देणाऱ्याचा हिशोब चुकला असं म्हणता येत नाही. त्याचं नाव अजून चालू आहे, फक्त त्याच्या उपयोगाचं राहिलेलं नाही.

आपल्याकडे हा प्रकार मुंबईच्या टाइम्स शील्डमध्ये रुळला. ही कचेऱ्यांची क्रिकेट स्पर्धा. टाटा, एसीसी, मफतलाल, निरलॉन, स्टेट बँक असे संघ. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. खेळाडूला नोकरी आणि कंपनीला पेपरात नाव, असा सरळ सौदा. खेळाडूंचे संसार त्यावर उभे राहिले, तेव्हा त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण एखाद्या कंपनीच्या संघासाठी चाळीत दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, असं मी कधी ऐकलं नाही. भांडणं व्हायची ती दादर युनियन की शिवाजी पार्क जिमखाना यावरून. माणूस जीव टाकतो तो वस्तीच्या नावावर. शिवाय कंपनीचा संघ कंपनीच्या मर्जीवर जगतो. महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा फुटबॉल संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१० मध्ये बंदच झाला.

२००८ मध्ये आयपीएलने छातीवरचा क्रम बदलला. मालक मोठमोठे उद्योग होते, पण आठही संघांच्या नावात शहर, राज्य किंवा प्रदेश आला आणि पैसे देणारे छाती-पाठ-बाहीच्या जागा भाड्याने घेऊ लागले. बंगळूरच्या नावात मालकाच्या व्हिस्कीचं नाव शिरलं आणि हैदराबादच्या नावात मालकाच्या वृत्तपत्राचं, एवढा मोह राहिलाच. त्या पहिल्या हंगामाची अंतिम लढत १ जूनला आपल्या नेरूळला झाली. डी. वाय. पाटील स्टेडियम तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचं होतं. मुंबईचा संघ ११ कोटी डॉलरच्या वर गेला होता, राजस्थानचा सगळ्यात स्वस्त, ६ कोटी ७० लाखांना. शेन वॉर्नच्या त्याच स्वस्त संघाने शेवटच्या चेंडूवर चेन्नईला हरवलं. लहान धंदेवाल्यांना ही गोष्ट फार आवडते. मला जरा कमी, कारण एक विजेतेपद म्हणजे एक मोठी ऑर्डर. गिऱ्हाईक परत आलं का, हे त्यावरून कळत नाही.

ते बघायचं तर हरलेल्याच चेन्नईकडे बघावं. सट्टेबाजी प्रकरणात हा संघ २०१६ आणि २०१७ असे दोन हंगाम बंदीमुळे बाहेर होता. २०१८ मध्ये परतला, तर कावेरी पाण्याच्या आंदोलनामुळे पहिल्याच घरच्या सामन्यानंतर मुक्काम पुण्याजवळ गहुंजेला हलवावा लागला. म्हणजे दोन वर्षं शटर खाली आणि उघडल्यावर आठवड्यात जागा गेली. मग चेन्नईहून सुमारे हजार चाहत्यांना घेऊन एक खास रेल्वेगाडी पुण्याला आली, आणि गहुंजेला पिवळे टी-शर्ट दिसले. त्या हंगामात संघ जिंकलाही, पण गाडी आली तेव्हा ते कोणाला माहीत होतं? आमच्या इस्टेटमधला एक गाळेवाला दुकान महापेला हलवल्यावर जुन्या गिऱ्हाइकांना साधा फोन करायलाही विसरला होता. मला ती रेल्वे आठवली की तो आठवतो.

मुंबई इंडियन्सला तर पहिली पाच वर्षं आयपीएलचं विजेतेपदच नव्हतं. २०१३ ते २०२० मध्ये पाच आली. मात्र वर्षातला एक सामना गरीब घरांतल्या हजारो मुलांसाठी राखायचा, त्यांना निळे टी-शर्ट घालून वानखेडेत बसवायचं, हा पायंडा त्याआधीपासूनचा आहे. आठ-दहा वर्षांचं मूल तिकीट काढत नाही, पण ते विशीत येतंच.

बंगळूरची गोष्ट दुहेरी. २०२५ पर्यंत एकही आयपीएल जिंकलेली नसताना या संघाचे चाहते कमी झाले नाहीत. विजयाशिवायही माणसं टिकतात याचा एवढा मोठा पुरावा दुसरा नाही. आणि जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ जूनला, स्टेडियमबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली. पंगतीला किती पानं मांडता येतील हे बघून बोलावणी करावीत, हे आपल्याकडे लग्नाच्या आचाऱ्यालाही कळतं.

नेरूळवर परत येतो. ४ मार्च २०२३ ला महिला प्रीमियर लीगचा पहिला सामना तिथेच झाला. पाच संघ मिळून ४६६९.९९ कोटींना विकले गेले होते, आणि तरीही त्या हंगामात बायका-मुलींना प्रवेश फुकट होता. किराणावाला नवा मसाला आला की पुडीबरोबर चिमूटभर बांधून देतो, तसं. २ नोव्हेंबर २०२५ ला त्याच मैदानावर हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला, तेव्हा आत जागा नव्हती. सगळं श्रेय फुकट तिकिटाला नाही. तीन दिवस आधी जेमिमाने तिथेच ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या होत्या. पण त्या आठवड्यात आमच्याकडे पहिल्यांदाच मुलग्यांच्या मापाच्या टी-शर्टवर पाठीमागे मुलीचं नाव छापून मागायला लोक आले.

ठाण्याचं सांगायचं तर २०२४ च्या मार्चमध्ये दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस चेंडूने खेळायची क्रिकेट लीग, आयएसपीएल, सुरू झाली. आगरी-कोळी गावांतली पोरं ज्या चेंडूने रात्रभर चषक खेळतात, तोच खेळ, टीव्हीच्या दिव्यांखाली. मुंबईच्या संघाचं नाव ‘माझी मुंबई’. सगळी मेहनत त्या ‘माझी’ या दोन अक्षरांत आहे.

गोविंदांचंही तेच. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावून गिनेसमध्ये नाव नोंदवलं. ‘जय जवान’ हे नाव शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या दिवशी त्यांच्या टी-शर्टवर कोणाची जाहिरात होती, ते मला, छपाईच्या धंद्यात असूनही, आठवत नाही.

गेल्या वर्षी एका लहान पथकाने वेगळा नमुना मागितला. छातीवर पथकाचं नाव मोठ्या अक्षरात, देणगीदार पाठीवर. छातीची जागा गेल्यामुळे साहेबांनी अर्धेच पैसे दिले, बाकीची वर्गणी पोरांनी काढली. पाच थर लागले, सलामी देऊन उतरले, बक्षीस काही खास नाही. दिवाळीच्या आधी त्यांचा पोरगा पुन्हा आला. अजून चाळीस टी-शर्ट हवे होते, तेही विकत. दहीहंडी होऊन गेली, आता कोणासाठी म्हणून विचारलं, तर मापांचा कागद पुढे केला. त्यात बऱ्याचशा गल्लीतल्या बायका होत्या, आणि एक डबल एक्सएल. ‘ते आजीचं,’ म्हणाला, ‘साडीवरून घालणार आहे.’