वेलस्ली (कुलनाम)

वेलस्ली : एक इंग्लिश स्थलवाचक कुलनाम. सॉमरसेट परगण्यातील वेल्स या कॅथीड्रलच्या नगरालगत याच नावाची जहागीर होती. तिच्या धारकांवरून ते रूढ झाले.

घराणे आयर्लंडला केव्हा गेले, याविषयी मतभेद आहेत. दुसऱ्या हेन्रीच्या ११७१-७२ च्या स्वारीत एक पूर्वज राजाचा निशाणधारक होता, असे जुन्या वंशावळी सांगतात. ही कथा मागाहून रचलेली असावी. तेराव्या शतकात आयर्लंडमध्ये न्यायाधीश असलेल्या वॉलरन द वेलस्लीपासूनचा मागोवा अधिक भरवशाचा मानता येईल. पुढे मीथ परगण्यातील डँगन हे घराण्याचे मुख्य ठाणे झाले आणि नाव आखडून ‘वेस्ली’ असे लिहिले जाऊ लागले. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे प्रवर्तक जॉन व चार्ल्स वेस्ली यांच्याशी नाते जोडले जाते. डँगनच्या गॅरेट वेस्लीने चार्ल्सला दत्तक घेऊ केले व त्याने नकार दिला, ही हकिकत मेथडिस्ट चरित्रांतून येते. तेवढ्यावरून एककुळीपणा सिद्ध होत नाही.

गॅरेट १७२८ मध्ये निपुत्रिक वारला. त्याची मालमत्ता नात्यातील रिचर्ड कॉलीकडे गेली आणि त्याने वेस्ली हे नाव घेतले. म्हणजे पुढे हे नाव ज्यांनी गाजवले, ते पुरुषवंशाने कॉली होते. रिचर्ड १७४६ मध्ये बॅरन मॉर्निंग्टन झाला. त्याचा मुलगा गॅरेट, पहिला अर्ल, संगीतरचनाकार म्हणूनही ओळखला जातो.

त्याचा मुलगा रिचर्ड (हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल, १७९८–१८०५) याने १७८९ च्या सुमारास जुने ‘वेलस्ली’ हे रूप पुन्हा स्वीकारले. धाकटा भाऊ आर्थर (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) मात्र हिंदुस्थानात आल्यावरही ‘वेस्ली’ अशीच सही करी; नवी सही मे १७९८ पासून दिसते. त्यामुळे त्याआधीच्या कागदपत्रांत त्याचा शोध वेस्ली नावाखाली घ्यावा लागतो. आसईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३) जिंकणारा तो हाच.

आर्थरला १८०९ मध्ये सरदारकी मिळाली, तेव्हा भाऊ विल्यम याने नामसाम्य पाहून सॉमरसेटमधील वेलिंग्टन हे गाव पदवीच्या नावासाठी निवडले. विल्यम स्वतः वारशामुळे वेलस्ली-पोल झाला होता. आणखी एक भाऊ हेन्री १८२८ मध्ये बॅरन काउली झाला. काउली हे कॉलीचेच रूप.

पुण्यातील संगम पुलाला ब्रिटिश अमदानीत वेलस्ली ब्रिज म्हणत. मलायातील पेनांगसमोरचा वेलस्ली प्रांत गव्हर्नर-जनरलच्या नावाचा होता.