परसातली कोंबडी निवडताना

आमच्याकडे पिल्लं बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो : "वर्षाला अंडी किती देईल?" धंद्यासाठी घेत असाल तर प्रश्न अगदी रास्त. पण बंगल्यामागे चार कोंबड्या पाळायच्या, मुलांनी हातावर दाणे घेऊन त्यांना बोलवायचं, आजोबांना सकाळी विरंगुळा हवा, असा विचार असेल तर आधी स्वभाव बघा, मग अंडी. रंगरूप सगळ्यात शेवटी. एक बुजरी, हात लावू न देणारी कोंबडी घरात आली की महिनाभरात पोरांचा उत्साह मावळतो आणि तिला परत घ्याल का म्हणून आम्हाला फोन येतो. तो फोन येऊ नये म्हणून हे पत्रक.

आमची पहिली पसंती

नवख्या माणसाला आम्ही ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प किंवा आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, सुचवतो. ऑस्ट्रलॉर्प मूळची ऑस्ट्रेलियातली. काळीभोर, उन्हात पिसांवर हिरवी झाक मारते, आणि आमच्या शेडवरची सगळ्यात शांत कोंबडी तीच. उचलली तरी फारसा आरडाओरडा करत नाही. आरआयआर तांबूस, धीट आणि चौकस. वाफ्यात खुरपं मारायला बसलात की गांडुळाच्या आशेने ही पायाशी येऊन उभी. दोन्ही जाती तपकिरी अंडी देतात आणि खाणं-पाणी नीट असेल तर वर्षाला दोनशेच्या आसपास पोचतात. आरआयआरच्या कोंबड्याबद्दल मात्र सांगून ठेवतो : पाच-सहा महिन्यांचा झाला की काही नर पोटऱ्यांवर झेप घेतात. लहान मुलं असतील तर नर नकोच.

गिरिराज आणि वनराज यांचीही चौकशी बरीच होते. गिरिराज बेंगळुरूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झाली, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्रात. दोन्ही खास परसातल्या पालनासाठीच. रंगीबेरंगी, अंगाने भारी, त्यामुळे कुंपणावरून उडून शेजाऱ्याच्या मेथीत जाण्याची भीती कमी. स्वभावाने गरीब. अंडी आरआयआरपेक्षा कमी. खायला ढीगभर घातलंत तर चरबी धरते आणि अंडी आणखी घटतात. या संकरित जाती असल्यामुळे घरच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं आईबापांवर जातीलच असं नाही. हैदराबादचीच ग्रामप्रिया अंड्यांना चांगली, पण अंगाने हलकी आणि जरा चुळबुळी.

कडकनाथच हवी म्हणणाऱ्यांना

दहांतले निम्मे ग्राहक कडकनाथ मागतात. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही जात, तिथल्या कडकनाथच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. काटक आहे, दिसायला रुबाबदार आहे, पण चपळ आणि संशयी. सावली हलली तरी पळते. अंडी वर्षाला शंभराच्या आतबाहेर, आणि अंड्यांवर बसण्यात आळशी. मांडीवर घेऊन बसायचं असेल तर ही तुमची कोंबडी नव्हे. तरीही घेणारच असाल, तर बाजारात फसू नका. काळ्या पिसांची कुठलीही कोंबडी कडकनाथ म्हणून खपवली जाते. चोच उघडून जीभ बघा, पोटाकडची पिसं फुंकून कातडी बघा. कडकनाथची दोन्ही काळपट असते, पाय आणि तुराही काळसर. तुरा लालभडक आणि कातडी पांढरी दिसली, तर ती ऑस्ट्रलॉर्प किंवा कसला तरी संकर समजा. गंमत म्हणजे पाळायला तुम्हाला तीच जास्त आवडेल.

गावठी कोंबडीला आई म्हणून तोड नाही. खुडूक झाली की एकवीस दिवस अंड्यांवरून हलत नाही, पिल्लांसाठी मांजरावरही धावून जाते. पण संध्याकाळी खुराडं सोडून आंब्यावर जाऊन बसणार, आणि हातात येईल तर शपथ. पिल्लापासून हाताळली तरच माणसाळते. असील माणसांशी आश्चर्य वाटावं इतकी शांत असते, मात्र दुसऱ्या कोंबडीला सुखाने जगू देत नाही. झुंजी लावणं तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी मागणाऱ्यांना आम्ही दारातूनच परत पाठवतो. पांढरी लेगहॉर्न अंड्यांची राणी खरी, पण भित्री. भांडं पडलं तरी खुराडंभर फडफडाट.

सिल्की आणि ब्रह्मा

फोटो बघून यांच्या प्रेमात पडणारे खूप. सिल्की खरंच लाघवी. पायाला पाच बोटं, अंगावर पिसांऐवजी लव असल्यासारखं वाटतं, उडता येत नाही, आणि मुलं तासभर घेऊन बसली तरी तक्रार नाही. सारखी खुडूक बसते, त्यामुळे अंडी थोडीच. ब्रह्मा धिप्पाड, नर चार किलोच्या सहज पुढे जातो, आणि तरीही सुस्त-शांत. अडचण पावसाची. सिल्कीची लव पाणी झटकत नाही, भिजली की ती गारठते. ब्रह्माच्या पायांवर पिसं असतात, त्यांत चिखलाचे गोळे धरतात आणि खाली जखमा होतात. म्हणून पक्कं छप्पर आणि कोरडी जमीन असल्याशिवाय कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या ग्राहकांना आम्ही या दोन्ही देत नाही. सोलापूर, नगरकडे चालतील, पण तिथे उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी दिवसभर हवं.

माणसाळवणं तुमच्या हातात

जात अर्धं काम करते, उरलेलं घरी आणल्यानंतरचे पहिले दोन महिने करतात. पिल्लाला वरून झडप घालून उचलू नका. वरून येणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या लेखी घार असते. जमिनीवर बसा, तळहात जमिनीला टेकवून त्यावर कणी किंवा भिजवलेली बाजरी ठेवा आणि हात हलवू नका. पहिल्या दिवशी कोणी येणार नाही. मग एखादं धीट पिल्लू टोचून पळेल. ते आलं की बाकीची आपोआप येतात. मग छातीखालून हात घालून उचलायला लागा, पंख अंगाशी धरून. रोज दोन वेळा, दहा-दहा मिनिटं पुरे. खेळून झाल्यावर मुलांनी साबणाने हात धुवायचे आणि पिल्लाचे मुके घ्यायचे नाहीत, हे दोन नियम कडक ठेवा.

एकटं पिल्लू आम्ही विकत नाही, कितीही आग्रह केलात तरी. कोंबडी कळपाची आहे, निदान तिघी तरी हव्यात. आणि हा रोजचा प्रश्न : कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते. त्यांतून पिल्लं निघत नाहीत इतकंच. त्यामुळे वस्तीत राहत असाल तर कोंबड्याचा हट्ट सोडा, पहाटे चारच्या बांगेवरून शेजार तुटतो. सोसायटी आणि नगरपालिकेचे नियमही आधी विचारून घ्या. एक दिवसाच्या पिल्लात नर-मादी ओळखणं सराईतालाच जमतं, म्हणून पाळायला म्हणून घेणाऱ्यांना आम्ही दोन-अडीच महिन्यांच्या तलंगाच, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्याच, देतो. पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की त्या अंड्यावर येतात.

खुराडं आणि लस

खुराड्यात दर कोंबडीमागे तीन-चार चौरस फूट जागा, रात्री बसायला आडवा दांडा, खाली भाताचं तूस. तूस ओलं झालं की त्याच दिवशी बदला, पावसाळ्यातली रक्ती हगवण ओल्या तुसातूनच वाढते. नेहमीची षट्कोनी जाळी मुंगसाला अडवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या आणि ती फूटभर जमिनीत गाडा. साप कोंबडीमागे कमी, अंड्यांमागे आणि सांडलेल्या दाण्यावर येणाऱ्या उंदरांमागे जास्त येतो. रात्री दाणे उचलून ठेवा. अंड्यावर आलेल्यांना लेयर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, आणि शिंपल्याचा चुरा द्या, नुसत्या तांदळावर अंड्याचं कवच पातळ होतं.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली तर परसातली एकही उरत नाही. आमच्या तलंगांना राणीखेतवरच्या लासोटा आणि आरटूबी, शिवाय गंबोरो आणि देवी या रोगांवरच्या लसी दिलेल्या असतात, तारखांचं कार्ड सोबत मिळतं. पुढचं वेळापत्रक तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. बर्ड फ्लूची बातमी आली की कोंबड्या मोकळ्या सोडू नका, कावळे-बगळे दाणापाण्याला लागणार नाहीत एवढं बघा. एकाच वेळी अनेक दगावल्या तर हात न लावता लगेच दवाखान्यात कळवा.

पाळीव म्हणून घेताना आणखी एक विचार करा. कोंबडी सहा-आठ वर्षं सहज जगते आणि दोन वर्षांनंतर तिची अंडी कमी होत जातात. नाव ठेवलेल्या कोंबडीचं पुढे काय करायचं, हे घरात आधीच बोलून घ्या. म्हातारी झालेली कोंबडी आम्ही परत घेत नाही.

तलंगा न्यायला सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर या. बाजूंना भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका आणि तळाला जुनं गोणपाट आणा. पिशवीत किंवा गाडीच्या बंद डिकीत आम्ही देत नाही. दरपत्रक वेगळं जोडलं आहे.