सहा फुटांच्या आतला पॉइंट गार्ड

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिच्या 2011 च्या ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडण्यातून, सॅक्रामेंटो किंग्ज संघाच्या पदरात दोन पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन हल्ला रचणारे खेळाडू, पडले. पहिला जिमर फ्रेडेट. दहाव्या क्रमांकावर निवडलेला, सहा फूट दोन इंच उंच आणि त्या हंगामात अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक, म्हणजे सामन्यामागे 28.9 गुण करणारा. दुसरा आयझेया थॉमस. उंची पाच फूट नऊ इंच, क्रमांक साठावा. त्या ड्राफ्टमध्ये नावंच साठ होती, त्यामुळे त्याच्या मागे कोणी उरलंच नव्हतं. तीन वर्षांच्या आत किंग्जनी फ्रेडेटला मोकळं केलं. त्याच 2013-14 च्या हंगामात थॉमस सामन्यामागे वीस गुण करत होता, आणि 2016-17 मध्ये बॉस्टनकडून खेळताना त्याची सरासरी निघाली 28.9. फ्रेडेटचा कॉलेजातला आकडा, दशांशासकट, पण एनबीएमध्ये.

अशा वेळी ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ असे मथळे पडतात. कौतुक ठीक, पण त्यातून कळत काही नाही. बुटका गार्ड कॉलेजातून वर गेल्यावर टिकेल की नाही, हे ओळखायचं कशावरून?

आधी उंचीचं नेमकं नुकसान काय ते पाहू. बास्केट दहा फुटांवर, म्हणजे 3.05 मीटरवर असते. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक, टाकताना चेंडू हातातून 20 सेंटिमीटर खालून सुटला, तर कमीत कमी जोर लागणारा कोन जेमतेम सव्वा अंशानं वाढतो. मोकळ्या नेमबाजीत उंचीचा अडसर एवढाच. खरी अडचण येते ती चेंडू आणि बास्केट यांच्यामध्ये कोणाचा तरी हात आल्यावर. म्हणून प्रश्न ‘नेम कसा आहे?’ इतकाच नसतो, ‘नेम धरायला जागा कोण करून देतो?’ हाही असतो. एनबीएमध्ये फ्रेडेटचे सुमारे 37 टक्के थ्री पॉइंटर, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे फटके, आत गेले. नेम चांगलाच होता. कॉलेजात मिळायची ती मोकळी जागा मात्र मिळेनाशी झाली.

जागा तयार करण्यात लहान चणीला निसर्गाची थोडी साथ असते. हात-पाय वळवायला लागणारा जोर त्यांच्या वजनाच्या पटीत वाढतो, पण लांबीच्या वर्गाच्या पटीत. शिवाय सारख्या बांध्याच्या दोन माणसांत वजन घनफळाबरोबर वाढतं आणि स्नायूंची ताकद त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळाबरोबर, त्यामुळे वजनामागे ताकद लहान शरीरात जास्त. ड्रिबलचा चेंडूही जमिनीपासून हातापर्यंत कमी अंतर कापतो, म्हणजे हिसकावून घ्यायला वेळ कमी. पाच फूट तीन इंचांचा मगसी बोग्ज एनबीएमध्ये 889 सामने खेळला. त्यात सामन्यामागे 7.6 असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, आणि चेंडू गमावण्याच्या चुका फक्त 1.6. उंच माणसांच्या गर्दीत इतकं कमी गमावणं हीच मोठी खूण आहे, आणि ती कॉलेजच्या आकड्यांतही शोधता येते.

कॉलेजचे आकडे मात्र जपून वापरावे लागतात. समजा, एका पोरानं हंगामात 150 थ्री पॉइंटर मारले आणि 36 टक्के आत घातले. इतक्या थोड्या प्रयत्नांत निव्वळ नशिबाचा हिशेब धरला तर त्याचं खरं कौशल्य 28 ते 44 टक्क्यांत कुठेही असू शकतं. त्यात 2011 मध्ये कॉलेजची थ्री पॉइंट रेषा 6.32 मीटरवर होती आणि एनबीएची समोरून 7.24 मीटरवर. म्हणून जाणकार फ्री थ्रोची टक्केवारीही बघतात. तिथे अंतर ठरलेलं असतं आणि अंगावर कोणी नसतं, त्यामुळे नेमाचा अंदाज जास्त स्वच्छ येतो.

माझ्या मते निकाल लागतो तो बचावात. हल्ला करताना चेंडू कोणाकडे द्यायचा हे आपण ठरवतो. बचाव करताना कोणावर चढाई करायची हे समोरचा ठरवतो. गल्लीतल्या कबड्डीत रेडर कच्च्या लिंबाकडे धावतो, तसंच इथे चालतं. बुटका गार्ड ज्याला अडवतोय तो खेळाडू येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे दुसऱ्या बचावपटूच्या वाटेत अंग घालून उभा राहतो, बचावपटूंची अदलाबदल होते, आणि पाच फूट नऊ इंचांच्या माणसापुढे अचानक साडेसहा फुटी फॉरवर्ड चेंडू घेऊन उभा राहतो. कॉलेजात बहुतेक संघांकडे ही चाल सामनाभर लावून धरण्याइतके कुशल उंच खेळाडू नसतात, म्हणून तिथे दोष झाकला जातो. एनबीएमध्ये थॉमसचाही तो लपला नाही. बॉस्टनच्या त्या हंगामात बचावाच्या बहुतेक आकडेवारीत तो तळाशी होता. पण शेजारी एव्हरी ब्रॅडली, मार्कस स्मार्ट, जे क्राउडर यांच्यासारखे कडवे बचावपटू होते, आणि थॉमस स्वतः सामन्यामागे आठहून अधिक फ्री थ्रो कमवून खड्डा भरून काढत होता. कॉलेजचा सामना पाहताना मी तरी त्याचे गुण मोजत बसणार नाही. स्क्रीन लागल्यावर तो छातीनं रेटा सोसतो का, की बाजूनं घसरतो, आणि पास कुठे जाणार हे ओळखून हात आधी पोहोचवतो का, ते बघेन. हातांचा पसाराही बघेन. थॉमसचा त्याच्या उंचीहून चार-पाच इंच जास्त होता.

‘एनबीएतले बुटके खेळाडू उंचांच्या तोडीस तोड खेळतात, मग उंचीला महत्त्व कशाला?’ असा युक्तिवाद नेहमी होतो. तो फसवा आहे. संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी 1946 मध्ये रुग्णालयांच्या आकडेवारीत दाखवलेला घोळ हाच. चाळणीतून आत आलेल्यांचीच तुलना केली तर चाळणीचा निकष निरुपयोगी भासतो. बुटक्यांसाठी ती चाळणी इतकी बारीक असते की आत पोहोचलेला प्रत्येक जण इतर बाबतींत विलक्षणच असतो. अडकलेले आपल्याला दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट ड्राफ्टच्या दिवशी कळत नाही. थॉमसचा सगळा खेळ अर्ध्या पावलाच्या आघाडीवर उभा होता. 2017 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, कंबरेच्या सांध्याची दुखापत बळावली, त्याच उन्हाळ्यात बॉस्टननं त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकलं, आणि ते अर्धं पाऊल परत आलं नाही.

2018 मध्ये जेलन ब्रन्सन तेहेतिसावा निवडला गेला. उंची सहा फूट दोन इंच, व्हिलानोव्हा विद्यापीठाकडून दोन राष्ट्रीय विजेतेपदं, देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू हा मान. तो फार वेगवान नव्हता आणि फार उंच उड्याही मारत नव्हता. पण धावता धावता गचकन थांबणं, पाठीनं माणूस रेटणं आणि बनावट हालचालीनं बचावपटूला हवेत उडवणं हे कॉलेजातच त्याच्या अंगवळणी पडलं होतं. न्यूयॉर्क निक्सचा कर्णधार झाल्यावरही प्लेऑफमध्ये समोरचा संघ त्यालाच स्क्रीनमध्ये ओढतो. निक्सना ते पक्कं ठाऊक आहे, म्हणून त्याच्या आजूबाजूला लांब हातांचे बचावपटू उभे केलेले असतात.